दिव्यांगांचा निधी आधी पडून राहतो, मग कापला जातो. अंदाजपत्रक ठरायच्या आत मुंबईकरांनी काय करायचं?

शिवडीची_आई (धागाकर्ती) । १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी.

दिव्यांगांचे पैसे कमी केले, असं कुठल्याही मंत्र्याने सभागृहात उभं राहून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. तरीही पैसे कमी होतात. वर्षभर अर्ज अडून राहतात, मंजुऱ्या लांबतात, मार्च येतो आणि तरतूद तशीच पडून असते. पुढच्या वर्षी शेरा पडतो की गेल्या वर्षीचाच निधी अखर्चित आहे. त्याचा अर्थ लावला जातो की गरजच नव्हती. मग आकडा खाली येतो आणि त्याचा जाब विचारायला कुणी नसतं.

केंद्राचं उदाहरण घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी एक योजना आहे, तिला सगळे 'सिपडा' म्हणतात. सरकारी इमारतींना रॅम्प आणि लिफ्ट, वापरता येतील अशी संकेतस्थळं, कौशल्य प्रशिक्षण, लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (म्हणजे दिव्यांगत्व लवकर ओळखून थेरपी देणारी केंद्रं), असं बरंच काही तिच्यातून चालतं. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात तिला २४०.३९ कोटी होते. २०२३-२४ ला १५० कोटी, २०२४-२५ ला १३५.३३ कोटी, आणि या वर्षी, २०२५-२६ ला, ११५.१० कोटी. तीन अर्थसंकल्पांत निम्म्याहून अधिक गेलं. देशातल्या इमारती या तीन वर्षांत निम्म्या सुगम झाल्या का? आपल्या मुंबईतली सरकारी कार्यालयंच डोळ्यांसमोर आणा.

माझी लेक चौदा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी थांबली की तिचे स्नायू आखडतात आणि महिन्यांची मेहनत काही आठवड्यांत मागे जाते. म्हणून 'निधी पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य मला ऐकवत नाही. रस्त्याचं काम वर्षभर थांबलं तर तो रस्ता पुढच्या वर्षी होतो. मुलाचं सातवं वर्ष पुढच्या वर्षी परत येत नाही.

मी पोटासाठी हिशेबाचं काम करते, त्यामुळे कागद वाचता येतात, पण सरकारी अंदाजपत्रकाची रीत वेगळी असते. इथे जाणकार बरेच आहेत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे आकडे नेमके कधी ठरतात? आणि ठरण्याआधी आपण, म्हणजे पालक, स्वतः दिव्यांग असलेली माणसं, शिक्षक, कुठे आणि काय लिहून दिलं तर त्याचा उपयोग होतो? महापालिका, राज्य, केंद्र, तिन्हींबद्दल लिहा.

---

आकडेमोड । १२ ऑक्टोबर

ताई, माझी सगळी नोकरी लेखा शाखेत गेली. निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

एका वर्षाच्या पैशाचे तीन आकडे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाचतात तो अर्थसंकल्पीय अंदाज. वर्ष अर्धं सरलं की बनतो तो सुधारित अंदाज. आणि शेवटी प्रत्यक्ष खर्च. वर्तमानपत्रं पहिला छापतात, कात्री चालते ती दुसऱ्यात. सहा-सात महिन्यांत किती खर्च झाला ते पाहून वरून सांगितलं जातं की तुम्हाला एवढे लागणार नाहीत, परत करा. पुढच्या वर्षीची मागणीही त्याच सुमारास, त्याच टेबलावर तयार होते. म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतं, राज्याचं मार्चमध्ये. पण फेब्रुवारीत निवेदन घेऊन गेलात तर अधिकारी चहा पाजतील, आकडा हलणार नाही. तुम्ही हा धागा ऑक्टोबरात काढलात हे फार चांगलं केलंत.

राज्यात एक खिडकी आणखी असते, ती म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या. तिथे वाढीव रक्कम मागता येते. त्यासाठी आमदाराच्या हातात नोव्हेंबरातच कागद पडायला हवा.

एक सांगतो, रागावू नका. 'सिपडा'चे आकडे बरोबर आहेत, पण केंद्राच्या दिव्यांग विभागाची एकूण तरतूद घटलेली नाही. गेल्या वर्षी, २०२४-२५ ला, ती १२२५.२७ कोटी होती, या वर्षी, २०२५-२६ ला, १२७५ कोटी आहे. निवेदनात दोन्ही लिहा, नाहीतर समोरचा एकाच वाक्यात तुम्हाला खोडून काढेल. आणि त्याच्याच शेजारी हेही लिहा की केंद्राचा एकूण अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा आहे. म्हणजे शंभर रुपयांतले अडीच पैसे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येच्या २.२१ टक्के, २ कोटी ६८ लाख माणसं दिव्यांग नोंदली गेली. तेव्हा कायद्यात सातच प्रकार होते, आता २१ आहेत.

---

खडूफळा । १२ ऑक्टोबर

विशेष शिक्षिका आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे.

आमच्यासारख्या शाळा संस्था चालवतात आणि सरकार अनुदान देतं. पगाराचं अनुदान मागेपुढे होऊन येतं. खरा मार बसतो तो वेतनेतर अनुदानाला. वीजबिल, भाडं, थेरपीचं साहित्य, बसचं डिझेल सगळं त्यातून चालवायचं असतं. ते वेळेत आलं नाही की संस्था पहिल्यांदा बस बंद करते. बस बंद झाली की गोवंडी-मानखुर्दची मुलं गळतात, कारण त्यांना रिक्षाने रोज आणणं आईबापांना परवडत नाही. पटावरची संख्या घटते. मग तपासणीत शेरा येतो, 'विद्यार्थी संख्या अपुरी', आणि पद गोठवलं जातं. शिवडीच्या ताई म्हणतात ती साखळी मी वर्गात बसून पाहते आहे.

आमच्याकडे स्पीच थेरपिस्टचं पद मंजूर आहे आणि रिकामं आहे. पालक विचारतात, बाई, बोलायला कधी शिकवणार? मी जमेल तेवढं शिकवते. पण मी स्पीच थेरपिस्ट नाही. त्या मुलाला जे मिळायला हवं ते मी देऊ शकत नाही, हे मला रोज कळत असतं.

सर्वसाधारण शाळांतलं चित्र वेगळं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात सांगितलं की विशेष गरजा असलेल्या प्राथमिकच्या १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये पुन्हा राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. मुंबईत असे कित्येक शिक्षक कंत्राटावर आहेत आणि एकेक जण अनेक शाळा फिरतो. केंद्राच्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३५०० रुपये धरले आहेत. त्यात साहित्य, थेरपी, प्रवास, सगळं. मुंबईत खासगी थेरपीचे चार-पाच तास झाले की तेवढे संपतात.

---

दादर_पश्चिम । १३ ऑक्टोबर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो. पैसा मर्यादित आहे. राज्यावर कर्ज आहे, लाडक्या बहिणींना दरमहा १५०० द्यायचे आहेत, शेतकऱ्यांचं नुकसान झालंय. त्यात दिव्यांगांचे बनावट दाखले सापडताहेत, थेट नोकऱ्यांपर्यंत. अशा वेळी सरकारने आधी पडताळणी करावी आणि मग निधी वाढवावा, असं म्हटलं तर चूक काय? आणि निधी खरंच खर्च होत नसेल तर तो दुसऱ्या गरजूंना का जाऊ नये?

---

काठीवाला । १३ ऑक्टोबर

दादर_पश्चिम, मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो, मध्य रेल्वेच्या अपंगांच्या डब्यातून येतो-जातो. तुमचा प्रश्न प्रामाणिक वाटला, म्हणून नीट उत्तर देतो.

बनावट दाखला काढणारा माणूस माझी जागा चोरतो. त्याच्यावर कारवाई व्हावी असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल. डब्यातसुद्धा धडधाकट माणसं चढून आमच्या सीटवर बसतात, तेव्हा आम्हीच रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला फोन करतो. पण पडताळणीचा भार पुन्हा आमच्यावरच येतो, हे तुम्हाला दिसत नसावं. जन्मापासून अंध असलेल्या माणसाला परत रुग्णालयात बोलावलं जातं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्राचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, असताना जुना दाखला आणा म्हणतात. त्या काळात त्याचं अनुदान थांबतं आणि ती थांबलेली रक्कम मार्चमध्ये 'बचत' म्हणून दिसते. बनावट माणूस पैसे देऊन सुटतो, खरा माणूस रांगेत उभा राहतो.

खर्च का होत नाही याचं एक ढळढळीत कारण देतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, महिन्याला साधारण ४१०० रुपये. मुंबईत खोलीचं भाडं त्याहून जास्त असतं. घरातला एक माणूस वॉचमनची नोकरी करत असेल तरी ते घर अपात्र ठरतं. एवढी अरुंद चौकट ठेवायची आणि मग लाभार्थी मिळत नाहीत म्हणायचं! केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन बघा. किमान ८० टक्के दिव्यांगत्व हवं, शिवाय दारिद्र्यरेषेखालचं नाव हवं, आणि मिळतात दरमहा ३००. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही.

आणखी एक. मी अंदाजपत्रक स्वतः वाचायचा प्रयत्न करतो. कितीतरी कागद स्कॅन करून चिकटवलेली चित्रं असतात, माझा स्क्रीन रीडर त्यावर गप्प बसतो. माझ्यासाठी ठेवलेले पैसे किती आहेत हे मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. आपल्या मागण्यांत हे घालाच.

---

शिवडीची_आई । १३ ऑक्टोबर

काठीवालादादा, घातलं.

दादर_पश्चिम, लाडकी बहीण विरुद्ध दिव्यांग असं भांडण मला लावायचं नाही. माझ्या लेकीला सांभाळणारी बाई लाडकी बहीणच आहे, तिला ते पैसे लागतात. पण मे २०२५ मध्ये त्या योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटींहून जास्त वळवले गेले तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी सांगितली होती. डिसेंबर २०२२ पासून आपल्या राज्यात दिव्यांग कल्याण हा वेगळा विभाग आहे, त्यामुळे तो पैसा थेट त्या विभागाचा नव्हता. मात्र निराधार योजनेचं अनुदान सामाजिक न्याय खात्यातूनच येतं. एका गरिबाचं काढून दुसऱ्या गरिबाला द्यायची सवय लागली की ज्याचा आवाज सगळ्यात बारीक त्याचं आधी जातं.

तुम्ही दयेच्या भाषेत बोलत नाही आहात, हे मला आवडलं. मीही बोलणार नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. असं असूनही निराधार योजनेत इतरांना १५०० आणि दिव्यांगालाही १५०० असंच चालू होतं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० झालेत. ते का झाले? जूनमध्ये मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले होते, राज्यभर माणसं रस्त्यावर आली होती. कायदा होताच, तो पाळायला लावावा लागला.

---

मालाडचा_बाबा । १३ ऑक्टोबर

मुलगा बावीस वर्षांचा, स्वमग्न. अठरा पूर्ण झाली आणि शाळेने निरोप दिला. त्यापुढे काय, याचं उत्तर कुठल्याही अंदाजपत्रकात मला सापडलेलं नाही. कार्यशाळा मोजक्या, त्यांच्या प्रतीक्षायाद्या लांब. बायकोने नोकरी सोडली. तिचा गेलेला पगार कुणाच्या हिशेबात धरतात? सेवा नसते तेव्हा ती सेवा घरातली बाई फुकट देते, एवढंच होतं.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीही धरतात. काढला नसेल तर काढा. अठरा झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज स्थानिक समितीकडे करावा लागतो, तोही आधीपासून तयार ठेवा. बँका अडवतात.

निधी वाढवा म्हणताना प्रौढांच्या दिवसभराच्या केंद्रांसाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात स्वतंत्र खातं, मागा, ही माझी हात जोडून विनंती आहे. मुलांच्या नावाने सगळ्यांना कळवळा येतो. मोठी झालेली मुलं कुणाला दिसत नाहीत. आम्ही दोघं गेल्यावर काय, हा प्रश्न आम्ही एकमेकांसमोरसुद्धा काढत नाही.

---

नवखी_आई । १४ ऑक्टोबर

माफ करा, विषयाला सोडून वाटेल. मुलगी दोन वर्षांची आहे, मागच्या महिन्यात कळलं की तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. घाटकोपरला राहतो. कुठे जायचं तेच समजत नाहीये. खासगीत सांगितलेला आकडा ऐकून घरात सगळे गप्प झालेत.

---

खडूफळा । १४ ऑक्टोबर

अगं, विषयाला सोडून अजिबात नाही, विषय हाच आहे.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाणी आणि श्रवण दिव्यांगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था. जून २०२१ मध्ये देशात १४ ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली, त्यातलं एक तिथे आहे. केंद्राच्या 'एडिप' या सहायक साधनांच्या योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मिळतं, त्याचं समन्वयाचं कामही हीच संस्था बघते. उद्याच जा. दिवाळीनंतर बघू म्हणू नकोस. ऐकू येत नसलेल्या बाळाला जितक्या लवकर श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट आणि थेरपी मिळते, तितकी भाषा लवकर येते. पालिकेच्या नायर रुग्णालयातही शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. दाखल्याचा अर्ज आजच यूडीआयडी पोर्टलवर भर आणि आलेला अर्ज क्रमांक जपून ठेव.

आणि बाकीच्यांनो, 'सिपडा' ११५ कोटींवर आली म्हणजे कुठे दुखतं ते लक्षात घ्या. शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच योजनेतली.

---

हातवारे । १४ ऑक्टोबर

नवखी_आई, मी जन्मतः कर्णबधिर आहे. शिकलो, नोकरी करतो, दोन मुलं आहेत. घाबरू नका. इम्प्लांट करा अगर न करा, मुलीला खुणांची भाषा दाखवा, तिच्याशी भरपूर बोला. भाषा कुठलीही असो, ती वेळेत मिळायला हवी.

धाग्याबद्दल थोडं. कार्यालयातल्या सुनावणीला, जनता दरबाराला दुभाषा नसतो. विचारलं की सांगतात, तरतूद नाही. मी लेखी लिहून देतो, ते घाईत दोन शब्द लिहून परत करतात. दुभाष्याच्या मानधनासाठी प्रत्येक विभागात छोटी का होईना, ठरावीक रक्कम हवी. तुमची बैठक झाली तर तिथेही दुभाषा ठेवा.

---

आकडेमोड । १४ ऑक्टोबर

आता पालिकेवर येतो, कारण तिथे मुंबईकराचा हात पोचतो.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखायची, असे शासनाचे आदेश आहेत. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं आहे. कृपा करून कुणी त्या आकड्याचे ५ टक्के काढून घोषणा देऊ नका. स्वउत्पन्न, म्हणजे संस्थेने स्वतःच्या कर-शुल्कांतून मिळवलेलं, वेगळं असतं. आधी विचारा की स्वउत्पन्न म्हणून पालिकेने कुठली रक्कम धरली, मग तिच्या ५ टक्क्यांपैकी कुठल्या लेखाशीर्षाखाली किती ठेवले, आणि ३० सप्टेंबरपर्यंत किती खर्च झाले. ही तीन उत्तरं हातात आली की पुढचं बोलणं आपोआप सरळ होतं. आणि लक्षात घ्या, मार्च २०२२ पासून आत्ता, ऑक्टोबर २०२५ मध्येही, पालिकेत नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत. विभागातला प्रश्न सभागृहात उचलणारं सध्या कुणी नाही, म्हणून लेखी मागणं जास्तच गरजेचं आहे.

खर्चात काय काय दाखवलंय तेही तपासायला हवं. फूटपाथची दुरुस्ती सगळ्यांसाठी असते, ती पूर्णच्या पूर्ण दिव्यांगांच्या खात्यात टाकली तर तो आपला खर्च नव्हे. आणि त्याच फूटपाथवर खांब रोवून व्हीलचेअरची वाट अडवली तर काय म्हणायचं? याच खांबांबद्दल एका व्हीलचेअर वापरणाऱ्या मुंबईकराने ईमेल लिहिला होता आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. एका पत्राने काय होतं असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पालिकेची धर्मवीर आनंद दिघे अर्थसहाय्य योजना अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. पिवळ्या यूडीआयडी कार्डाला महिना १०००, जास्त तीव्र दिव्यांगत्वाच्या निळ्याला ३०००, रक्कम सहामाही जमा होते. ज्यांचं बसतं त्यांनी अर्ज करा आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हिशेबात नसतो.

---

दादर_पश्चिम । १४ ऑक्टोबर

५० हजारांची मर्यादा मला माहीत नव्हती. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा चालू शकत नाही, त्याला काहीच का मिळत नाही हे आत्ता कळलं. पडताळणी व्हावी हे माझं मत कायम आहे, पण ती चालू असताना अनुदान थांबू नये, हे पटलं. माहिती अधिकाराचे अर्ज मी बरेच केलेत. मसुदा करून देऊ का?

---

शिवडीची_आई । १४ ऑक्टोबर

द्या ना. लागणारच आहे.

---

दादर_पश्चिम । १५ ऑक्टोबर

महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून नेमकं ठेवलंय. अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये, १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तराची मुदत ३० दिवस.

'विषय: दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधी, सन २०२३-२४ ते ३० सप्टेंबर २०२५. कृपया पुढील माहितीच्या प्रती द्याव्यात. (अ) या निधीची गणना करताना धरलेली स्वउत्पन्नाची रक्कम, वर्षनिहाय. (आ) लेखाशीर्षनिहाय मूळ तरतूद, सुधारित तरतूद व प्रत्यक्ष खर्च. (इ) या निधीतील योजनांसाठी आलेले, मंजूर झालेले, नाकारलेले व प्रलंबित अर्ज, विभागनिहाय संख्या. (ई) अखर्चित रक्कम इतरत्र वळवली असल्यास त्या आदेशाची प्रत.'

'का' हा शब्द कुठेही घालू नका. कारण विचारलं की 'ही माहिती या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येतं. कागद मागा, कारण कागदातच सापडतं.

---

आकडेमोड । १५ ऑक्टोबर

मसुदा उत्तम. (इ) ला अधोरेखित करा. प्रलंबित अर्जांचा आकडा म्हणजे पडून असलेली मागणी. पैसे उरलेत आणि अर्जही उरलेत, हे दोन्ही एकाच कागदावर आले की 'गरज नव्हती' असं कुणालाही लिहिता येणार नाही.

---

काठीवाला । १५ ऑक्टोबर

कागद करूच, पण नुसत्या कागदाने भागेल असं मला वाटत नाही. १९९५ चा कायदा झाला तेव्हा दिव्यांग हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी आणि त्यांचे साथी दिल्लीत रस्त्यावर उतरले होते. जनगणनेत आपली मोजणी व्हावी म्हणूनही त्यांना झगडावं लागलं, तेव्हा कुठे २००१ मध्ये ती झाली. आझाद मैदानात आपण दिसलंच पाहिजे. पावसानंतर तिथे चिखल असतो, व्हीलचेअर रुतते, शौचालयाची सोय आपल्या कामाची नसते, हे सगळं माहीत आहे. तरी जाऊ. परवानगी मागतानाच सपाट जागा आणि वापरता येईल असं शौचालय लेखी मागायचं.

---

मालाडचा_बाबा । १५ ऑक्टोबर

मी मुलाला घेऊन येऊ शकणार नाही. गर्दीत, आवाजात त्याला त्रास होतो. पण पत्रं लिहीन, फोन करीन, मसुदे टाइप करून देईन. माझ्यासारखे बरेच असतील, त्यांना मोजणीतून वगळू नका.

---

हातवारे । १५ ऑक्टोबर

वगळत नाही, बाबा. घरून केलेलं कामही आंदोलनच आहे.

---

शिवडीची_आई । १६ ऑक्टोबर

सगळ्यांचं वाचून मागण्या मांडते आहे. कमी-जास्त असेल ते सांगा.

पालिकेकडे: ५ टक्क्यांचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करा, स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा स्वरूपात. अखर्चित रक्कम परत न घेता पुढच्या वर्षीच्या त्याच लेखाशीर्षात जमा करा. अठरा वर्षांवरच्यांसाठी प्रत्येक परिमंडळात किमान एक दिवसभराचं केंद्र, त्याला स्वतंत्र तरतूद. दुभाष्यांचं मानधन.

राज्याकडे: ५० हजारांची मर्यादा वाढवा. पडताळणी संपेपर्यंत कुणाचं अनुदान थांबवू नका. विशेष शाळांचं वेतनेतर अनुदान शाळा सुरू होण्याआधी द्या. रिकामी थेरपिस्ट पदं भरा. हे पत्र मुंबईच्या आमदारांना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पुरवणी मागण्यांसाठी.

केंद्राकडे: 'सिपडा' पुन्हा किमान २०२२-२३ च्या पातळीवर आणा आणि ३०० रुपयांचं निवृत्तिवेतन वाढवा. हे मुंबईच्या सहा खासदारांच्या कार्यालयांत हातोहात द्यायचं. ईमेल केलात तरी छापील प्रत न्या आणि पोच घ्या.

पालिका डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवते. तेव्हा प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहा, एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवू नका. आपल्या घरात काय अडलं ते एक-दोन वाक्यांत, आणि शेवटी मागणी.

---

खडूफळा । १६ ऑक्टोबर

पालकसभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. ज्यांना लिहिता येत नाही अशा पालकांची निवेदनं मी लिहून घेईन, अंगठ्यासकट. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत यूडीआयडी कार्ड अजून नाही. त्यांचे अर्ज त्याच दिवशी भरून घेणार. लॅपटॉप आणि एक-दोन माणसं लागतील.

---

दादर_पश्चिम । १६ ऑक्टोबर

मी येतो. लॅपटॉप माझा. वॉचमनच्या मुलाचा अर्जही तिथेच भरू.

---

नवखी_आई । १७ ऑक्टोबर

काल वांद्र्याला जाऊन आलो. तपासणीची पुढची तारीख मिळाली, कागदांची यादी मिळाली. यूडीआयडीचा अर्ज क्रमांकही आला. खडूफळाताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. प्रलंबित अर्जांच्या मोजणीत माझा धरायचा का?

---

आकडेमोड । १७ ऑक्टोबर

दाखल्याचा अर्ज आणि योजनेचा अर्ज यांची मोजणी वेगवेगळी ठेवायची, पण धरायचा नक्की. क्रमांक इथे उघड लिहू नका, ताईंना निरोपातून पाठवा. मुलीला आशीर्वाद.

---

शिवडीची_आई । १७ ऑक्टोबर

माहिती अधिकाराचे अर्ज देण्यासाठी पालिकेच्या विभागांची वाटणी अशी ठरली आहे. एफ दक्षिण मी, जी उत्तर दादर_पश्चिम, एम पूर्व खडूफळा, टी विभाग काठीवालादादा. मालाडचे बाबा सगळे मसुदे टाइप करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतील, म्हणजे स्क्रीन रीडरला अडचण नाही. अर्ज सोमवारी २७ ऑक्टोबरला एकाच दिवशी द्यायचे, म्हणजे उत्तरं नोव्हेंबर संपताना येतील आणि पालिकेच्या सूचनांच्या वेळी हातात असतील. बैठक शनिवारी १ नोव्हेंबरला, दादरला, लिफ्ट असलेल्या जागेत. जागेचं नक्की झालं की कळवते, दुभाष्याशी बोलणं चालू आहे. अंधेरी, बोरिवली, कुर्ला इथलं कुणी वाचत असेल तर आपला विभाग खाली लिहा.